ह्वांग सुन-होंग – कोरियाचा स्ट्रायकर ते कोच, आणि दरवेळी शिव्यांचा धनी

बॉक्समधला_बाब्या

मंडळी, फुटबॉलच्या धाग्यांवर मेस्सी-रोनाल्डोची हाणामारी बघून आता खरंच वीट आलाय म्हणून जरा वेगळा विषय काढतोय. 2002 चा वर्ल्डकप ज्यांनी टेन स्पोर्ट्सवर बघितला त्यांना कोरियाचा 18 नंबर आठवेल, डोक्याला पट्टी बांधून खेळलेला तो. ह्वांग सुन-होंग. आपल्याकडे लोकांना आन जुंग-ह्वान आठवतो (इटलीविरुद्धचा गोल, केस, अंगठीला किस वगैरे) आणि पार्क जी-सुंग तर मँचेस्टरमुळे सगळ्यांनाच माहिती, पण त्या टीमचा म्हातारा स्ट्रायकर हाच आणि माझ्या मते त्या अख्ख्या टीममध्ये सगळ्यात इंटरेस्टिंग करिअर याचंच.

जन्म 1968, 1988 च्या आशिया कपमध्ये युनिव्हर्सिटीत असतानाच टीममध्ये आला आणि पदार्पणातच जपानविरुद्ध गोल मारला. पुढे 103 मॅचमध्ये 50 गोल. चा बम-कुन नंतर दुसरा नंबर कितीतरी वर्षं याचाच होता, 2024 च्या शेवटी सोन ह्युंग-मिनने मागे टाकलं. 1990 चा वर्ल्डकप खेळला, मग जर्मनीत गेला, लेव्हरकुसेनच्या अ‍ॅमॅच्युअर टीमकडून आणि मग सेकंड डिव्हिजनच्या वुपरटालकडून. तिथे गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि युरोपचा विषय तिथेच मिटला. 1993 ला परत कोरियात, पोहांग क्लबला.

आता 1994. अमेरिकेतला वर्ल्डकप. स्पेनशी 2-2 बरोबरी करून सगळा देश हवेत, पुढची मॅच बोलिव्हिया, म्हणजे वर्ल्डकपमधला पहिलावहिला विजय अगदी हातातोंडाशी आलेला. आणि या मॅचमध्ये ह्वांगने चान्सवर चान्स घालवले. 0-0. देशाने जे काही झोडलंय त्याला की विचारू नका. पुढच्या मॅचला जर्मनीविरुद्ध डलासच्या भट्टीत हाफटाईमला 0-3 होते, दुसऱ्या हाफमध्ये याने 52 व्या मिनिटाला एक मारला, होंग म्युंग-बोने दुसरा, 2-3 ने हरले पण जर्मनी अक्षरशः लटपटत होती. पण लोकांच्या डोक्यात बोलिव्हियाच राहिलं. त्याच वर्षी हिरोशिमाच्या एशियाडला नेपाळला 11-0 हरवलं त्यात याचे एकट्याचे 8, क्वार्टरला जपानविरुद्ध 3-2 त्यात दोन, टॉप स्कोअरर हाच, पण सेमीला उझबेकिस्तानकडून 0-1. म्हणजे परत तेच, नेपाळला मारून काय उपयोग म्हणून टोमणे.

1998 ला फ्रान्सला निघायच्या आधी सोलमध्ये चीनशी फ्रेंडली ठेवली होती, 4 जूनला. चीनच्या गोलकीपरशी धडक, गुडघा परत गेला. टीमबरोबर फ्रान्सला नेला पण एक मिनिट खेळला नाही, डगआउटमधून बघत बसला, टीमने हॉलंडकडून 5 खाल्ले, कोच चा बम-कुनला स्पर्धा चालू असताना हाकललं. मग हा जपानला, सेरेझो ओसाकाला गेला आणि 1999 ला 24 गोल मारून जे-लीगचा टॉप स्कोअरर, असं करणारा पहिला कोरियन.

आणि मग 4 जून 2002. तारीख बघा. बुसान, समोर पोलंड. 26 वं मिनिट, ली उल-योंगने डावीकडून बॉल टाकला, ह्वांग डिफेंडरच्या मागून सुटून पुढे आलेला, बॉल थांबवलाच नाही, डाव्या पायाने पहिल्याच टचला हाणला, गोलमध्ये लिव्हरपूलचा डुडेक. 1-0. पुढे यू सांग-चुलने दुसरा. 1954 पासून वर्ल्डकप खेळणाऱ्या देशाचा हा पहिला विजय. गोल मारून पठ्ठ्या सरळ बेंचकडे पळाला आणि मिठी कोणाला मारली तर कोच हिडिंकला नाही, असिस्टंट पार्क हांग-सोला (जो पुढे व्हिएतनामचा कोच म्हणून गाजला). हिडिंक तिथेच उभा 😀

कोच म्हणून काय केलं ते पुढच्या पोस्टमध्ये टाकतो, हेच लांबलंय.

कोथरूडकर

भारी धागा. अमेरिकेविरुद्धची मॅच बरोबर दुपारी 12 ला होती आपल्याकडे, डोळ्याजवळ फुटून रक्त आलं होतं त्याला, पट्टी बांधून परत आत आला, पेनल्टी पण मिळवून दिली आणि ली उल-योंगने ती घालवली. मग आनने हेडर मारून 1-1 केलं. स्पेनविरुद्धच्या शूटआउटमध्ये पहिली पेनल्टी कोणी घेतली होती आठवतंय का कोणाला?

बॉक्समधला_बाब्या

ह्वांगनेच. मग पार्क, सोल की-ह्योन, आन, आणि शेवटची होंग म्युंग-बो. 1994 ला ज्याच्या नावाने बोटं मोडली त्याच्याच हातात, सॉरी पायात, पहिला बॉल दिला हिडिंकने.

तर कोचिंग. सुरुवात बुसान आयपार्कला 2008 मध्ये. आन जुंग-ह्वान त्या वर्षी बुसानलाच खेळत होता, म्हणजे सहा वर्षांपूर्वी ज्याच्या जागी बदली म्हणून यायचा त्याच्याच हाताखाली. ट्रॉफी नाही मिळाली, 2009 ला लीग कपची फायनल हरला, 2010 ला कोरियाच्या एफए कपची फायनल हरला. नाव झालं ते पोहांगला, 2011 ते 2015. 2012 चा एफए कप, आणि 2013 ला एफए कप अधिक लीग, एकाच सीझनमध्ये दोन्ही. कोरियात हे आधी कोणालाच जमलं नव्हतं. आणि हे सगळं एकही परदेशी खेळाडू न घेता! क्लबने खर्चाला कात्री लावली होती. के-लीगमध्ये बाकी सगळे ब्राझिलियन, मॉन्टेनेग्रोचे वगैरे स्ट्रायकर आणून गोल मारून घेतात आणि याच्याकडे सगळी घरचीच पोरं. लोकांनी नाव काय ठेवलं तर 'ह्वांगसन देवोनगुन'. 19 व्या शतकात कोरियाची दारं परदेशी लोकांना बंद करणारा हुंगसन देवोनगुन म्हणून एक राज्यकर्ता होता, त्याच्यावरून. आणि खेळायचे कसे तर छोटे छोटे पास, त्याला म्हणायचे स्टील-ताका (क्लबचं नाव स्टीलर्स, त्यात टिकी-टाका मिसळून).

शेवटची मॅच तर काय सांगू. 1 डिसेंबर 2013, उल्सानच्या घरी. उल्सान 2 पॉइंटने पुढे, त्यांना नुसता ड्रॉ पुरत होता. 90 मिनिटं 0-0, उल्सानवाले घड्याळ बघतायत, आणि 95 व्या मिनिटाला फ्रीकिकनंतर बॉक्समध्ये जी काही झोंबाझोंबी झाली त्यात बॉल किम वॉन-इलच्या पायाशी आला. किम वॉन-इल डिफेंडर, मिलिटरी सर्व्हिस मरीनमध्ये साध्या सैनिकासारखी करून आलेला. त्याने मारला. लीग पोहांगची. हायलाइट्स शोधून बघा, उल्सानचे खेळाडू जागच्या जागी बसलेत.

माणगाव_फास्ट

पोहांग म्हणजे पॉस्कोवाले ना? मग आपला पण थोडा हिस्सा आहे 😀 आमच्या माणगावजवळ विळे-भागाड एमआयडीसीत पॉस्कोचा मोठा प्लांट आहे, गाड्यांना लागणारा पत्रा बनतो. कोरियन साहेब लोक येतात जातात. त्यांच्या कंपनीची फुटबॉल टीम एवढी मोठी असेल असं वाटलं नव्हतं, आपल्याकडे कंपनीची टीम म्हणजे दिवाळीच्या आधी टेनिस बॉलचे सामने.

बॉक्समधला_बाब्या

हो तेच पॉस्को. क्लब आधी कंपनीचीच टीम म्हणून सुरू झाला आणि स्टेडियमचं नावच स्टील यार्ड. फक्त फुटबॉलसाठी बांधलेलं कोरियातलं पहिलं स्टेडियम ते, 1990 चं.

खडूस_रेफ्री

लेख चांगला आहे पण आरती जरा कमी करा. 2013 मान्य, एकदम मान्य. पण त्यानंतर काय? 2016 ला एफसी सोलची लीग जिंकली म्हणतात, ती टीम कोणाची होती? चोई योंग-सूची. तो अर्ध्या सीझनला चीनमध्ये ज्यांगसूला गेला म्हणून हा आयता येऊन बसला. आणि जोनबुकचे 9 पॉइंट कापले होते त्या वर्षी रेफ्रीला पैसे चारल्याच्या प्रकरणात. ते कापले नसते तर शेवटच्या मॅचला काही अर्थच राहिला नसता. त्यानंतर त्याच सोलची वाट लावली, देयान दाम्यानोविचसारखा क्लबचा सगळ्यात मोठा स्ट्रायकर जाऊ दिला आणि तो गेला कुठे तर कट्टर दुश्मन सुवॉनकडे. एप्रिल 2018 मध्ये राजीनामा. मग चीनमध्ये यानब्यान, तिथे एकही लीग मॅच न खेळता क्लबच बुडाला. मग तेजॉन, तिथून 2020 मध्येच बाहेर. हा रेकॉर्ड आहे.

बॉक्समधला_बाब्या

खडूसराव, पॉइंट कापल्याचं खरंच आहे, त्यावर वाद घालणार नाही. पण शेवटच्या दिवशी दोघांचे 67-67, गोलवर जोनबुक पुढे, ड्रॉ झाला तरी लीग त्यांची, आणि जोनजूला त्यांच्या घरी जाऊन 1-0 ने हरवायचं हे काय टेबलवर बसून होत नाही. पार्क चू-यंगचा गोल. त्याच सीझनला जोनबुक आशियाची चॅम्पियन झाली, म्हणजे समोर काही ऐरीगैरी टीम नव्हती.

यानब्यानचं मात्र त्याच्या खात्यावर कसं टाकता? टॅक्स थकवला होता क्लबने, तो यायच्या आधीपासूनचा. माणूस प्री-सीझन कॅम्प घेत होता आणि वरून क्लब गुंडाळला.

देयानचं तुमचं बरोबर. ते मलाही कधी पटलं नाही. स्वतः स्ट्रायकर असून दुसऱ्या म्हाताऱ्या स्ट्रायकरला असं सोडणं, आणि तेही जो स्वतः 33 व्या वर्षी वर्ल्डकपला गोल मारून आलाय त्याने, अजब आहे.

अर्धवट_मिडफिल्डर

मला एक शंका आहे, आडनावं सगळी किम ली पार्क, तुम्ही लोक लक्षात कसं ठेवता 😅 बाकी वाचतोय.

सुवॉनवाली

मी सध्या कोरियातच असते (नावात आहेच) तर थोडं इथलं सांगते. ह्वांगबद्दल बोलताना तुम्ही 2023 चं एशियाड (तेव्हा तो अंडर-23 टीमचा कोच होता) अजून काढलंच नाही, इथे नवीन पोरांना तो त्यावरूनच माहिती आहे. आपल्याकडे एशियाडमधलं फुटबॉल कोण बघतं, पण इथे ते जवळजवळ ऑलिंपिकइतकं मोठं, कारण मिलिटरी. प्रत्येक मुलाला दीड वर्ष तरी सैन्यात जावंच लागतं, आणि फुटबॉलरचं ते दीड वर्ष म्हणजे ऐन उमेदीतलं. एशियाडचं गोल्ड किंवा ऑलिंपिकचं कुठलंही मेडल मिळालं की सुटका, फक्त काही आठवड्यांचं ट्रेनिंग आणि समाजसेवेचे तास भरायचे. म्हणजे सिल्व्हर मिळालं तर घोड्यावर बसवून नाही नेत, चला बूट घाला आणि कॅम्पला.

त्यात त्या टीममध्ये ली कांग-इन, नुकताच पॅरिस सेंट-जर्मेन क्लबला गेलेला. हरले असते तर ह्वांगला लोकांनी कच्चा खाल्ला असता, आणि आधीच त्याच्यावर राग होता कारण 2022 च्या अंडर-23 आशिया कपमध्ये जपानकडून 0-3 खाल्ले होते. हांगझोऊला गेले आणि पहिल्याच मॅचला कुवेतला 9-0. सात मॅचमध्ये 27 गोल, खाल्ले फक्त 3. फायनलला परत जपान, आणि दुसऱ्याच मिनिटाला जपानचा गोल! माझ्या ऑफिसमधली मुलं डोक्याला हात लावून बसली होती, त्यातले निम्मे स्वतः सैन्यात जाऊन आलेले त्यामुळे त्यांना काय होतं ते बरोबर माहिती. मग जियोंग वू-योंगने हेडर मारून 1-1, आणि सेकंड हाफमध्ये चो यंग-वूकने 2-1. गंमत अशी की हा चो यंग-वूक तेव्हा प्रत्यक्ष सैन्यातच होता, गिमचॉन सांगमू म्हणजे सैन्याच्याच टीमकडून खेळत होता. स्वतःच्या गोलने स्वतःची सुट्टी करून घेतली, मुदतीआधी डिस्चार्ज 😂

मीनल_के

कमाल! हे चो यंग-वूकचं माहीत नव्हतं. सुवॉनवाली ताई अजून लिहा ना, स्टेडियममध्ये जाता का तुम्ही?

खडूस_रेफ्री

बरोबर, आणि सहा महिन्यांनी त्याच ह्वांगने कोरियाला 40 वर्षांत पहिल्यांदा ऑलिंपिकबाहेर ठेवलं. तेही लिहा की.

बॉक्समधला_बाब्या

लिहितो ना, तो तर या गोष्टीचा सगळ्यात कडू भाग आहे, आणि माझा धागा काढायचा मुद्दा पण तोच.

फेब्रुवारी 2024. आशिया कपच्या सेमीत कोरिया जॉर्डनकडून 0-2 हरते, आदल्या रात्री सोन आणि ली कांग-इन टेबल टेनिसवरून भांडले, सोनचं बोट निखळलं, सगळ्या जगाला कळलं. कोच क्लिन्समनला काढतात. आता नियतीचा खेळ बघा, 1994 ला डलासमध्ये त्या 2-3 च्या मॅचमध्ये जर्मनीचे दोन गोल या क्लिन्समननेच मारले होते आणि कोरियाचा पहिला ह्वांगने. तीस वर्षांनी त्याचा पसारा आवरायला कोणाला बोलावलं तर ह्वांगला. अंडर-23 ची ऑलिंपिक क्वालिफायर एप्रिलमध्ये तोंडावर, आणि असोसिएशन म्हणते मार्चमध्ये सीनियर टीमपण तूच बघ. त्याची स्वतःची पोरं तेव्हा सौदीत पश्चिम आशियाची स्पर्धा खेळत होती, असिस्टंट लोकांनी ती जिंकलीही, पण हेडकोच तिथे नाही.

सीनियर टीममध्ये पहिला प्रश्न ली कांग-इनला घ्यायचं का. अर्धा देश म्हणत होता हाकला त्याला. ह्वांगने घेतलं. सोलला थायलंडशी 1-1, लोक परत सुरू. मग बँकॉकला 3-0, त्यात ली कांग-इनने पास दिला आणि सोनने मारला, आणि सोनने त्याला कडकडून मिठी मारली. भांडण मिटलं, हंगामी कोचचं काम संपलं.

आणि एप्रिलमध्ये दोहाला अंडर-23. ग्रुपमध्ये यूएई, चीन, जपान तिघांनाही हरवलं, एकही गोल न खाता. क्वार्टरला इंडोनेशिया. इंडोनेशियाचा कोच कोण, कोरियाचाच शिन ते-योंग. इंडोनेशियाच्या राफेल स्ट्राउकने दोन मारले, कोरियाचा एक सेल्फ गोलने, 70 व्या मिनिटाला ली यंग-जुनला रेड, दहा जणांत 84 व्या मिनिटाला जियोंग सांग-बिनने 2-2 केलं, शेवटी शेवटी ह्वांगला स्वतःला रेड दाखवून बाहेर काढलं. पेनल्टी 10-11. बाहेर. 1988 पासून सलग नऊ ऑलिंपिक खेळलेला देश पॅरिसला नाही. आणि कोणते खेळाडू नव्हते बघा, सेल्टिकचा यांग ह्युन-जुन, ब्रेंटफर्डचा किम जी-सू, स्टोकचा बे जुन-हो. फिफाच्या तारखांत बसत नाही म्हणून क्लबांनी सोडलेच नाहीत.

मला म्हणायचंय ते असं की यात त्याची चूक नाही असं नाही, इंडोनेशियाविरुद्ध पहिल्या हाफला टीम इतकी मागे का बसली हे त्यालाच विचारायला हवं. पण एका माणसाला महिनाभर आधी दुसऱ्या आगीत ढकलायचं आणि मग पहिलं घर जळलं म्हणून त्यालाच धरायचं हे असोसिएशनचं काम भारी होतं. बोलिव्हियाच्या वेळी जे झालं तेच. तेव्हाही अकरा जण खेळत होते, लोकांना आठवतो एकच.

खडूस_रेफ्री

बाब्या, नाही पटलं. सीनियर टीम घ्या म्हणून कोणी डोक्याला बंदूक लावली नव्हती. नाही म्हणायचं होतं. लालूच होती की दोन्ही जमलं तर पुढचा नॅशनल कोच आपणच. आणि स्ट्रायकर होता तर चान्स घालवल्याचे टोमणे खावेच लागणार, गोल मारल्यावर हार पण त्यालाच घालतात ना? पोलंडच्या वेळी कोणी म्हटलं का की अकरा जण खेळत होते? ली उल-योंगचा क्रॉस किती जणांना आठवतो?

कोथरूडकर

खडूसने एक मारला 😀 हे मात्र बिनतोड आहे.

सुवॉनवाली

नाही म्हणायचं होतं हे बोलणं सोपं आहे हो, पण इथे असोसिएशनने बोलावलं आणि त्याच्या पिढीतला माणूस नाही म्हणाला असं फार होत नाही. 2002 ची मंडळी सगळी त्या व्यवस्थेतलीच. लालूच पण असेल, का नसावी, 103 मॅच खेळलेल्या माणसाला नॅशनल कोच व्हावंसं वाटलं तर त्यात काय पाप.

@मीनल, हो जाते अधूनमधून. इथे तिकिटं फार महाग नसतात आणि प्रेक्षकांत घोळक्याने आलेल्या मुली खूप, सगळ्या मॅचभर गाणी. तुम्ही आलात तर नक्की जाऊ.

हाफटाईम_चहा

आता कुठे आहे हा? का घरी बसलाय?

बॉक्समधला_बाब्या

नाही नाही, जून 2024 मध्ये परत तेजॉन. ज्या क्लबने 2020 ला सोडला त्यांनीच बोलावला, आणि तेव्हा टीम तळाला, लोक म्हणाले ऑलिंपिक घालवलेला कोच आमच्याच गळ्यात का. त्याने आधी रेलिगेशनमधून वाचवलं, आठव्या नंबरावर संपवलं. 2025 ला थेट दुसरा नंबर, जोनबुकच्या मागे. तेजॉनच्या इतिहासात एवढ्या वर कधीच नव्हते.

आणि तिथे त्याचा स्ट्रायकर कोण होता सांगतो, कारण देयानचा विषय निघाला होता. जू मिन-क्यू. हा पोरगा मुळात मिडफिल्डर, ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, सेकंड डिव्हिजनच्या गोयांगमधून सुरुवात, पुढे स्ट्रायकर झाला, 2021 आणि 2023 ला के-लीगचा टॉप स्कोअरर, आणि तरी नॅशनल टीममध्ये एकदाही नाही. नॅशनल कोच बेंटो आला गेला, क्लिन्समन आला गेला, कोणी ढुंकून बघितलं नाही. ह्वांगला मार्च 2024 मध्ये फक्त दोन मॅच मिळाल्या आणि त्यात त्याने पहिल्यांदा काय केलं तर याला बोलावलं. 33 वर्षं 343 दिवस, कोरियाकडून सगळ्यात म्हातारं पदार्पण. 2025 ला त्यालाच उल्सानहून तेजॉनला आणलं आणि त्याने गोलांची रांग लावली.

खडूस_रेफ्री

हे चांगलं केलं त्याने. एवढं मान्य. 2016 चं मत तेच राहील.

अर्धवट_मिडफिल्डर

जू मिन-क्यूवर वेगळा धागा काढा राव, किंवा होंग म्युंग-बोवर. होंग आणि ह्वांग एकत्र खेळले, जपानमध्ये काशिवाला पण एकत्र होते ना, आणि 2024 ला तो नॅशनल कोच झाला आणि हा क्लबला. त्यावर तर इथे तलवारी निघतील.

बॉक्समधला_बाब्या

होंगवर खडूसरावांनी काढावा, मी तिथे येऊन भांडतो.